बेडकाच्या पोटातलं वर्ष

मृग लागतो, दोन-तीन दिवस नुसतीच ढगांची दाटी होते आणि मग एका संध्याकाळी पहिला दणक्याचा पाऊस कोसळतो. त्या रात्री निफाडच्या ओढ्यांपासून त्र्यंबकच्या भातखाचरांपर्यंत सगळीकडे डरांव डरांव सुरू होतं. आदल्या दिवशी जिथे भेगाळलेली जमीन होती, तिथे पिवळेधमक नर गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात. बेडूक आभाळातून पडत नाहीत, मातीतून वर येतात, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. त्यापुढचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. दिवाळीच्या आगेमागे मातीत गेलेला नर महिनोन्‌महिने खात नाही, हलत नाही. तो वर येतो आणि लगेच एखाद्या मादीची हजारो अंडी फलित करतो. त्यासाठी लागणारे शुक्राणू त्याने केव्हा बनवले?

पाऊस पडल्यावर बनवले, हे उत्तर शक्यच नाही. वृषणातल्या मूळ पेशीपासून पोहणारा शुक्राणू घडायला बेडकांमध्ये काही आठवडे लागतात. प्रयोगशाळांमध्ये सर्रास पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकात १८ अंश तापमानाला महिनाभराहून जास्त वेळ लागतो. थंडी वाढली की हा वेळ आणखी लांबतो, आणि फार थंडीत काम बंदच पडतं. म्हणजे पहिल्या पावसात जे बाहेर पडतं ते आधीच तयार असायला हवं.

ही गोष्ट समजून घ्यायला नाशिककराला बागेपलीकडे जायला नको. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी झाली, की नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होऊ लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पानं आणि काड्या दिसतात. पुढे ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी केली की तेच घड फुटीबरोबर बाहेर येतात. घड ऑक्टोबरात दिसला म्हणून तो ऑक्टोबरातच घडला, असं कोणताही बागाईतदार म्हणणार नाही. खरड छाटणीनंतरचे दिवस ढगाळ गेले तर पुढच्या हंगामात काय होतं, हे तो चांगलं जाणतो. बेडकाचे शुक्राणूही असेच एका काळात घडतात आणि दुसऱ्या काळात बाहेर पडतात.

आता थोडं पोटात डोकावू. ज्यांनी पूर्वी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेऊन बेडकाचं विच्छेदन केलं आहे, त्यांना मूत्रपिंडांना चिकटलेली दोन लांबट, फिकट पिवळी वृषणं आठवतील. त्यांच्याच टोकाला बोटांसारखे फाटे फुटलेले गडद पिवळे मेदपिंड असतात. त्यांच्याकडे नंतर येऊ.

वृषणात बारीक नळ्यांची गुंतवळ असते. आपल्या, म्हणजे माणसाच्या, वृषणातही नळ्याच असतात. त्यांच्या भिंतीत वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या पेशी थराथराने रचलेल्या असतात आणि बारा महिने काम चालू राहतं. बेडकात मांडणी वेगळी आहे. नळीतल्या सर्टोली नावाच्या पोषक पेशी एकेका मूळ पेशीला चारी बाजूंनी वेढून घेतात आणि एक बंद पुटी तयार होते. आतली मूळ पेशी विभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत एका पुटीत पेशींची मोठी फौज जमते. एका पुटीतल्या सगळ्या पेशी एकाच पेशीची संतती, आणि सगळ्या एकाच वेळी एकाच टप्प्यावर असतात. वाढतात बरोबर, विभागतात बरोबर, आणि संकट आलं तर बहुधा मरतातही बरोबर.

संख्या पुरेशी झाली की या पेशी साधं विभाजन थांबवतात आणि अर्धसूत्री विभाजनाकडे वळतात. बहुतेक परिचित बेडकांच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात. या विभाजनात ती निम्म्यावर, म्हणजे १३ वर येतात, कारण उरलेली १३ अंड्याकडून यायची असतात. हा सगळ्यात नाजूक टप्पा. गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात, तुकड्यांची अदलाबदल व्हावी लागते, मग त्या जोड्या अचूक सुटाव्या लागतात. त्यातून तयार झालेल्या गोल, लहान पेशी पुढे लांबट होतात, केंद्रक घट्ट आवळलं जातं, शेपटी फुटते. शेवटी शुक्राणूंचे जुडगे दिसतात. त्यांची डोकी सर्टोली पेशीत रुतलेली असतात आणि शेपट्या नळीच्या पोकळीत लोंबत असतात.

हा जुडग्यांचा टप्पा लक्षात ठेवा, कारण काही बेडूक अख्खा हिवाळा याच टप्प्यावर काढतात.

अशा पुटी असल्यामुळे अभ्यासकाची मोठी सोय होते. वृषणाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि कोणत्या टप्प्याच्या किती पुटी आहेत ते मोजायचं. वर्षभर दर महिन्याला हे केलं, की त्या जातीचं वर्षाचं पूर्ण वेळापत्रक समोर येतं. युरोप, जपान, अमेरिका आणि आपल्याकडेही हे काम चिकाटीने झालेलं आहे. मला या प्रकारच्या संशोधनाबद्दल विशेष आदर वाटतो. यात चमकदार यंत्रं नाहीत. एकाच तळ्यावर, एकाच जातीकडे, बारा महिने परत परत जाण्याची तयारी लागते.

सगळ्यात बारकाईने अभ्यासलेलं उदाहरण युरोपातल्या तपकिरी बेडकाचं, राना टेम्पोरेरियाचं. हा खरा शीतनिद्रा घेणारा बेडूक. तळ्याच्या तळाशी किंवा पालापाचोळ्याखाली तो हिवाळा काढतो. पाण्यात असेल तर फुप्फुसं वापरतच नाही, कातडीतून मिळेल तेवढ्या प्राणवायूवर भागवतो. वसंताची चाहूल लागताच, कधीकधी तळ्याच्या कडेला बर्फ असतानाच, त्याचं मीलन उरकतं. त्यानंतर वृषणं जवळजवळ रिकामी होतात, आकाराने लहान होतात. काही आठवडे तिथे फारसं काही घडत नाही. साधारण मेपासून मूळ पेशी विभागू लागतात, उन्हाळाभर सगळ्या टप्प्यांच्या पुटी एकत्र दिसतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काम आटोपतं. नर झोपायला जातो तेव्हा त्याच्या नळ्यांत पुढच्या वसंताचे शुक्राणू जुडग्यांनी तयार असतात. झोपेत नवं काही बनत नाही, आणि जे बनलं आहे ते टिकतं.

मधल्या टप्प्यांवर अडकलेल्या पेशींचं मात्र कठीण असतं. थंडी पडण्याआधी ज्या पुटींचं काम पूर्ण झालं नाही, त्यांतल्या पुष्कळ पेशी झिजून नष्ट होतात. थंडीला सगळ्यात चांगल्या तोंड देतात त्या दोन टोकांच्या पेशी. एक, अजून विभाजनाला न लागलेली मूळ पेशी, आणि दुसरा, पूर्ण झालेला शुक्राणू. अर्धवट कामाला हिवाळा परवडत नाही.

मग हिवाळ्यात बेडकाला उबदार जागी ठेवलं तर? नेदरलँड्सच्या फान ओर्ट या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये राना टेम्पोरेरियाच्या शुक्राणूचक्रावर सविस्तर काम प्रसिद्ध केलं, आणि त्यातून पुढे बेडकांचे तीन गट मानले जाऊ लागले. पहिल्या गटात काम खंडित असतं. राना टेम्पोरेरिया या गटातला. हिवाळ्यात त्याला उब दिली तरी मूळ पेशी दाद देत नाहीत. त्यांना संप्रेरकाचा, म्हणजे हार्मोनचा, निरोप पोचला तरी त्या ठरावीक काळ ऐकतच नाहीत. दुसऱ्या गटात थंडीमुळे काम थांबतं, पण उब मिळाली की पुन्हा सुरू होऊ शकतं. युरोपातला हिरवा पाणबेडूक, राना एस्क्युलेंटा, या गटाचं नेहमीचं उदाहरण. तिसऱ्या गटात काम कधी थांबतच नाही. उष्ण प्रदेशातले, कायम पाण्यापाशी राहणारे अनेक बेडूक तसे असतात.

पहिल्या गटातला हा हट्ट मला फार शहाणपणाचा वाटतो. युरोपच्या डिसेंबरातही चार उबदार दिवस येतातच. त्यांना भुलून विभाजन सुरू झालं, तर पुढच्या कडाक्यात अर्धी घडलेली पिढी वाया जाईल. दुसऱ्या गटाच्या लवचिकपणाचाही फायदा आहे, पण तिथे, जिथे उब आली म्हणजे बहुधा टिकतेच.

आता निरोप कोण धाडतं ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस तापमान, प्रकाश, शरीरातला साठा यांचा अंदाज घेत असतो. तिथून निघालेलं एक छोटं संप्रेरक खालच्या पीयूषिका ग्रंथीला जागं करतं. पीयूषिका दोन संप्रेरकं रक्तात सोडते. एफएसएच हे मुख्यतः पुटींमधल्या विभाजनाला चालना देतं. एलएच हे नळ्यांच्या मधल्या जागेतल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं, आणि वेळ आली की एकदम वाढून शुक्राणूंचे जुडगे सोडवतं. सर्टोली पेशी फुगतात, त्यांची पकड सुटते, शुक्राणू पोकळीत मोकळे होतात. तिथून ते मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांतून मूत्रवाहिनीत येतात. नर बेडकात मूत्र आणि शुक्राणू यांची वाट एकच असते.

ही सुटका किती झटपट होते याचा पुरावा एका वेगळ्याच कामातून मिळाला. अर्जेंटिनाचे डॉक्टर कार्लोस गाली माइनिनी यांनी १९४७ मध्ये गर्भनिदानाची एक चाचणी मांडली. स्त्रीच्या लघवीचं इंजेक्शन नर भेकाला, म्हणजे बेडकाच्या खरखरीत कातडीच्या भाऊबंदाला, द्यायचं आणि दोन-तीन तासांनी त्याच्या लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्यात शुक्राणू दिसले तर ती स्त्री गर्भवती. गर्भारपणात तयार होणारं एचसीजी हे संप्रेरक एलएचसारखंच वागतं, म्हणून नराचे तयार शुक्राणू सुटतात. नराला इजा होत नसे, काही दिवसांनी तोच पुन्हा वापरता येई. ही चाचणी जगभर बरीच वर्षं चालली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की बनवायला आठवडे लागतात पण सोडायला काही तास पुरतात. मृगाच्या रात्री हेच होतं.

टेस्टोस्टेरॉनचा परिणाम बाहेरूनही दिसतो. नराच्या पुढच्या पायाच्या आतल्या बोटावर खरखरीत, गडद गादी येते. मादीला पाठीवरून घट्ट धरून ठेवायला ती लागते. विणीचा काळ सरला की ती ओसरते. आपल्या डरावचा, म्हणजे मोठ्या भारतीय बेडकाचा, पिवळा रंगही याच काळापुरता असतो. एरवी तो शेवाळी-तपकिरी दिसतो आणि चिखलात नजरेला पडत नाही.

इथे नाशिकचं हवामान मध्ये येतं. आपल्याकडे बेडकाला दोन संकटं आहेत. निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची नोंद होते, बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पण ती थंडी थोड्या दिवसांची. खरी लांबी आहे ती कोरड्या काळाची, ऑक्टोबरअखेरपासून जूनपर्यंत. त्यामुळे आपल्या डरावची झोप शीतनिद्रेने सुरू होते आणि ग्रीष्मनिद्रेत मिसळून जाते. युरोपातला बेडूक उठतो उबेमुळे. आपला उठतो पावसामुळे. म्हणून वर्षाचं वेळापत्रकही वेगळं आहे. आपल्याकडे जमीन तापू लागल्यावर, पावसाआधीच, वृषणं भरात येतात, विणीनंतर ओसरतात, आणि पहिला पाऊस पडतो तेव्हा साठा तयार असतो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या बेडकांवर अनेक वर्षं केलेल्या कामातून या जातींच्या प्रजननाचं वर्ष आपल्याला कळलं आहे. धारवाड आणि नाशिक दोन्ही सह्याद्रीच्या पूर्वेला, म्हणून ते काम आपल्याला जवळचं आहे.

त्याच कामातला दुसरा बेडूकही लक्षात घ्यायला हवा. पाण्यावरून टणाटण उड्या मारत पळणारा लहान पाणबेडूक गोदावरीच्या काठी, गंगापूर धरणाच्या फुगवट्यात आणि नांदूर मधमेश्वरला कोणत्याही ऋतूत भेटतो. त्याच्या वृषणात वर्षभर सगळ्या टप्प्यांच्या पुटी सापडतात. एकाच तालुक्यात, एकाच आभाळाखाली हे दोन बेडूक राहतात. एकाला बारमाही पाणी आहे, दुसरा डबक्यांवर अवलंबून आहे, आणि पोटातलं वर्ष त्याप्रमाणे बदललं आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवल्याकडे पाचशेच्या आसपास, अशा जिल्ह्यात हे पाहायला दूर जावं लागत नाही.

टोकाचं उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या वनबेडकाचं. हिवाळ्यात त्याच्या शरीरातल्या पाण्याचा निम्म्याहून जास्त भाग बर्फ होतो, हृदय थांबतं, श्वास थांबतो. यकृतातून रक्तात ओतलेली साखर पेशींना आतून वाचवते. बर्फ वितळल्यावर तो उठतो आणि वसंतात सगळ्यांत आधी वीण करणाऱ्यांत असतो. त्याचेही शुक्राणू आदल्या हंगामातच घडलेले असतात.

आता ते मेदपिंड. पावसाळ्यात भरपूर किडे खाऊन झालेला बेडूक पाहिला तर हे पिंड फुगलेले असतात. झोपेच्या काळात आणि वृषणं कामाला लागल्यावर ते आटत जातात आणि विणीच्या वेळी अगदी बारीक उरतात. वृषणाला लागून असलेला हा साठा म्हणजे पुढच्या पिढीची शिदोरी. तो काढून टाकला तर शुक्राणूंचं काम बिघडतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून जून-जुलैमधल्या आवाजाइतकंच सप्टेंबरमधलं खाणं महत्त्वाचं. त्या महिन्यात शेतात किडे नसतील, तर त्याचा हिशोब पुढच्या मृगाला निघतो.

उबदार हिवाळा इथेच घात करतो. शरीर थंड असेल तर साठा हळू जळतो. उब वाढली तर चयापचय वाढतो, पण खायला काही नसतं. इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या भेकांवर वर्षानुवर्षं नोंदी ठेवून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळे सौम्य होत गेले तसतशा माद्या खंगत गेल्या आणि त्यांचं जगणंही कमी झालं, असं त्यात दिसलं. अभ्यास माद्यांचा आहे, पण मातीत पडलेल्या नराच्या पोटातही जळायला तेवढाच साठा असतो.

तयार शुक्राणूचं शेवटचं काम पाण्यात होतं. वृषणात असताना तो निश्चल असतो, कारण तिथला द्रव क्षारांनी दाट असतो. पातळ, गोड्या पाण्यात पडताच त्याची शेपटी हलू लागते. पण ही हालचाल फार वेळ टिकत नाही. थोड्याच मिनिटांत जोर ओसरू लागतो, म्हणून मादीने अंडी सोडण्याच्या क्षणी नर तिच्या पाठीवर असणं गरजेचं. अठराव्या शतकात इटलीच्या स्पालान्झानी या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने नर बेडकांना मेणकापडाच्या चड्ड्या शिवल्या, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या माद्यांची अंडी वाढलीच नाहीत. चड्डीतला द्रव अंड्यांवर लावल्यावर मात्र वाढली. अंडी फलित व्हायला नराचा द्रव प्रत्यक्ष लागतो, हे दाखवणारा हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक.

याच पाण्यात आपण काय सोडतो, ही माझी मोठी काळजी आहे. येवला, निफाड, मालेगाव पट्ट्यात मका भरपूर होतो आणि त्यात ॲट्राझीन हे तणनाशक फवारलं जातं. पेरणीनंतर लगेच, उगवण्याआधी. नेमक्या त्याच दिवसांत बांधाकडच्या डबक्यांत अंडी आणि बेडूकमासे असतात. अमेरिकेतले टायरोन हेझ यांच्या गटाने २०१० मध्ये झेनोपसवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. अत्यल्प ॲट्राझीनच्या पाण्यात वाढलेल्या नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू घटले, आणि जनुकीयदृष्ट्या नर असलेले सुमारे दहा टक्के प्राणी चक्क अंडी घालू शकणाऱ्या माद्या झाले. या निष्कर्षांवर मोठा वाद झाला, उत्पादक कंपनीच्या पैशातून झालेल्या अभ्यासांनी वेगळं सांगितलं. युरोपीय संघाने भूजलातल्या अंशांमुळे या रसायनाला त्याआधीच मनाई केली होती. माझं म्हणणं साधं आहे. फवारणी करताना डबक्याच्या कडेची चार-पाच हात पट्टी सोडावी, आणि पंपाची टाकी ओढ्यात धुऊ नये.

बेडकांचे पाय परदेशी पाठवणं भारताने १९८७ मध्ये बंद केलं. त्याआधी मुख्यतः हाच डराव पकडला जाई, तोही पहिल्या पावसात, जेव्हा तो आवाजाने स्वतःचा ठिकाणा सांगत असतो. आजही काही ठिकाणी त्या रात्री पिशव्या घेऊन निघणारे लोक असतात. त्या रात्री पकडलेला नर म्हणजे वर्षभराचं काम पूर्ण करून, ते वापरण्याआधीच गेलेला नर.

एप्रिल-मेमध्ये बांध फोडताना किंवा नांगरताना ढेकळाखाली सुस्त बेडूक निघाला, तर तो मेलेला समजू नका. त्याला शेततळ्यात टाकू नका, प्लास्टिकच्या निसरड्या कागदावरून त्याला वर येता येत नाही. सावलीतल्या बांधाला, जिथे माती वीतभर खाली ओलसर असेल, तिथे खड्डा करून ठेवा आणि वरून भुसभुशीत माती ओढा. पाऊस यायला महिना-दीड महिना असतो, आणि त्याच्या नळ्यांत काम चालू असतं.